तुतारीच्या फुलांची झाडं: काडी निवडण्यापासून पहिल्या बहरापर्यंत

तुतारीच्या आकाराची फुलं येणारी झाडं उष्ण, दमट हवेत तशी बिनतक्रार वाढतात. तरी नव्याने बाग करणाऱ्यांची दोन गाऱ्हाणी ठरलेली असतात. एक, "झाड नुसतं माजलंय, फूल एक नाही." दुसरं, "काड्या लावल्या, पानंही फुटली, मग सगळ्या काळ्या पडल्या." दुसऱ्याचं कारण बहुधा मिश्रणात घातलेलं खत असतं, ते चौथ्या पायरीत येईल. पहिल्याच्या मुळाशी मात्र पुष्कळदा एक गोष्ट सापडते: कोणत्या झाडाला कोणत्या फांदीवर फूल येतं हे न बघताच कात्री चालवलेली असते. छाटणी कधी करायची, कलमाला काडी कुठून घ्यायची, पहिलं फूल कधी दिसेल, हे बरंचसं त्यावर ठरतं.

पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. तयार रोप हाताशी असेल तर थेट आठव्या पायरीवर गेलात तरी चालेल, पण पहिली मात्र वाचा.

१. आपल्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

तुतारी हा फुलाचा आकार झाला, कूळ नव्हे. या आकाराची फुलं अगदी वेगवेगळ्या कुळांत येतात आणि त्यांची वागणूकही वेगळी. उष्ण प्रदेशातल्या बागेत साधारणपणे ही चार भेटतात.

टेकोमा स्टान्स: मोठं झुडूप, सोडलं तर छोटा वृक्ष. पिवळ्या घंटांचे घोस फांदीच्या शेंड्याला. पान संयुक्त, पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. मूळचं अमेरिका खंडातलं. बहामाचं हे राष्ट्रीय फूल. नवख्यांनी सुरुवात यानेच करावी. चुका पोटात घालणारं झाड आहे.

अलमंडा, म्हणजे आपला जहरी सोनटक्का: मोठी, मऊ, सोनेरी पिवळी फुलं, चकचकीत पानं बहुधा चारच्या वेढ्यात, आणि फांदी मोडली की पांढरा चीक. हा कण्हेरीच्या कुळातला. वेल म्हणतात खरं, पण त्याला ताणे नसतात. तो लांब फांद्या टाकतो आणि कशावर तरी रेलतो. बांधल्याशिवाय मांडवावर चढत नाही.

संक्रांतवेल: मूळची ब्राझीलकडची, नारिंगी नळ्यांचे झुबके घेऊन थंड, कोरड्या दिवसांत बहरणारी. हिला खरे ताणे असतात, टोकाला तीन फाटे फुटलेले, आणि ती कुठेही चढते. गटारीच्या पाइपावर, शेजारच्या झाडावर, विजेच्या तारेवरही.

ब्रुगमान्सिया: वीतभर किंवा त्याहून लांब, खाली लोंबणारी फुलं, संध्याकाळी सुटणारा दाट वास. हे धोत्र्याच्या कुळातलं, आणि धोत्र्याशी त्याची गल्लत नेहमी होते. धोत्रा मऊ खोडाचा, फूल वर तोंड करून, फळ बहुधा काटेरी. ब्रुगमान्सियाचं खोड लाकडासारखं होतं, फूल खाली लोंबतं, फळाला काटे नसतात. या वंशातल्या सगळ्या जाती आज निसर्गातून नाहीशा झालेल्या मानल्या जातात. त्या टिकून आहेत त्या माणसांनी लावल्या म्हणून.

इथे एक सापळा आहे. रोप घेताना फक्त "ट्रम्पेट" एवढंच नाव सांगून काहीही हातात दिलं जातं. त्यात कॅम्प्सिस असेल तर जपून. ती थंड हिवाळ्याची सवय असलेली वेल, कायम उष्ण हवेत फुलायला कुरकुरते आणि मुळांतून लांब लांब फुटवे मात्र काढत सुटते. स्पॅथोडिया किंवा टॅबेबुया असेल तर ते मोठे वृक्ष आहेत, परसात कुंपणालगत लावायची गोष्ट नाही. पान, चीक, ताणे आणि खोड बघितल्याशिवाय फुलाच्या फोटोवर भरवसा ठेवू नका.

विषाबद्दलही इथेच सांगून टाकतो. ब्रुगमान्सियाचा प्रत्येक भाग विषारी आहे, पान, फूल, बी, सगळं. त्यात अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. छाटणीनंतर न धुतलेला हात डोळ्याला लागला तरी बाहुली मोठी होऊन नजर धूसर होते. अलमंडाचा चीक कातडीवर चुरचुरतो आणि पोटात गेला तर जुलाब करतो. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं जनावर असेल तर मी टेकोमा आणि संक्रांतवेलीवरच थांबा म्हणेन. बाकीची दोन्ही मूल मोठं झाल्यावर लावता येतात.

२. सामान जमवा

- धारदार कात्री किंवा सिकेटर, आणि ती पुसायला स्पिरिट
- रबरी हातमोजे (अलमंडा आणि ब्रुगमान्सियासाठी, टाळाटाळ नको)
- जाडी वाळू आणि भिजवून पिळलेलं कोकोपीट
- तळाला भोकं असलेले छोटे ग्लास किंवा रोपांच्या पिशव्या
- पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली
- मुळं फुटण्याची पावडर (आयबीए, म्हणजे मुळं फुटवणारं संप्रेरक असलेली). असली तर उत्तम, नसली तर काम अडत नाही
- गुटी कलमासाठी मॉस (शेवाळ), प्लास्टिकचा तुकडा, सुतळी
- नावाच्या पट्ट्या आणि न पुसणारं पेन

वाळू जाडीच हवी. बारीक, पिठासारखी वाळू पाणी धरून बसते आणि काडी खालून कुजवते. बांधकामाची वाळू असेल तर चाळून, दोन-तीनदा धुऊन घ्या.

३. काडी कुठून घ्यायची

टेकोमा, अलमंडा आणि संक्रांतवेलीसाठी एक सोपी कसोटी आहे. फांदी बोटांत धरून हळूच वाकवा. नुसती लवली आणि परत सरळ झाली तर ती कोवळी, अजून लवकर आहे. अजिबात न लवता काटकन तुटली तर ती फार जून. लवता लवता कुरकुरली आणि साल थोडी चिरली, की ती निबर झालेली, कलमाला लायक. जाडी साधारण पेन्सिलीएवढी. रंग पाहिलात तर खालून तपकिरी होत आलेला आणि वर अजून हिरवा, असा सांधा दिसेल. त्या सांध्याच्या आसपासचा तुकडा सगळ्यात चांगला.

फुलांनी लगडलेली फांदी कलमासाठी घेऊ नका. बहर संपला की घ्या. फुललेलीच घ्यायची वेळ आली तर सगळ्या कळ्या-फुलं खुडून टाका, नाहीतर काडी आपली शिदोरी फुलावर उधळते आणि मुळांना काही उरत नाही.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत, आदल्या दिवशी झाडाला पाणी देऊन. वर्षातला काळ म्हणाल तर हवा दमट आणि उबदार असेल तो, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या सुमाराचा. ऐन मुसळधार दिवस टाळा. तेव्हा बुरशी तुमच्याहून वेगाने काम करते.

४. काडी लावणं

१०–१५ सेंमी लांबीचे तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार डोळे, म्हणजे पान किंवा फुटवा निघतो त्या जागा. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, सरळ. तिरका-सरळ हा फरक शोभेचा नाही. तुकड्यांचा ढीग पडला की वर कुठलं आणि खाली कुठलं हे विसरायला होतं, आणि उलटी लावलेली काडी क्वचितच जगते.

खालच्या अर्ध्या भागावरची पानं काढा. वर एक-दोन जोड्या ठेवा आणि पान मोठं असेल तर अर्धं कापून टाका. पानं सगळी ठेवली तर मुळं नसलेली काडी पाणी उडवून सुकते, आणि सगळीच काढली तर तिला अन्न करायला काही राहत नाही.

अलमंडाच्या बाबतीत इथे थांबायचं. कापल्याबरोबर चीक वाहू लागतो. टोकं कोमट पाण्यात बुडवून चीक थांबू द्या, मग सावलीत अर्धा तास टेकवून ठेवा. चिकाचा थर तसाच मातीत गेला तर काप बंद होतो आणि कुज लागायला आयतं निमित्त मिळतं.

पावडर असेल तर तळाचा एक सेंटीमीटर ओला करून तिच्यात टेकवा आणि झटका. जास्त पावडर म्हणजे जास्त मुळं असं नसतं. उलट साल भाजते.

मिश्रण निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट. त्यात शेणखत, गांडूळखत काहीही नको. इतक्या वेळा सांगूनही लोक "थोडंसं घातलं तर काय बिघडतं" म्हणून घालतात, आणि काड्या काळ्या पडतात त्या बहुतेक इथेच. मुळं नसलेल्या काडीला खत घेता येत नाही, बुरशीला मात्र येतं. आधी एका काठीने भोक पाडा, मग काडी घाला. काडीनेच मिश्रण भोसकलं तर पावडर वरच पुसली जाते. निदान दोन डोळे मिश्रणाच्या आत गेले पाहिजेत. भोवतीचं मिश्रण बोटांनी दाबून एकदाच नीट पाणी द्या.

वरून पारदर्शक पिशवी किंवा बाटली झाकून ग्लास उजेड असलेल्या सावलीत ठेवा. थेट ऊन पडलं तर पिशवीच्या आत काडी शिजते. रोज एकदा पाच-दहा मिनिटं झाकण काढून वारा लागू द्या. पिशवीच्या आतून बाष्पाचे बारीक थेंब दिसत असतील तर पाणी पुरेसं आहे. थेंबांच्या धारा वाहत असतील तर जास्त झालंय.

५. मुळं धरली का, ते कसं ओळखायचं

दहा-पंधरा दिवसांत वरचे डोळे फुगतात, इवलं पान येतं, आणि आपल्याला वाटतं जमलं. थांबा. ते पान काडीत साठलेल्या अन्नावर आलेलं असतं. मुळं अजून नसतात किंवा नुसत्या पांढऱ्या गाठी असतात. याच टप्प्यावर झाकण काढून उन्हात ठेवलेली काडी दोन दिवसांत माना टाकते.

टेकोमा आणि संक्रांतवेलीला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, अलमंडाला कधी थोडं जास्त. काडी दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढून बघा. अडल्यासारखी वाटली तर मुळं आहेत. सहज हलली तर आणखी आठवडाभर विसरा. रोज उपटून बघणाऱ्याची काडी कधीच मुळं धरत नाही, कारण ती रोज तुटतात. पारदर्शक ग्लास वापरलात तर कडेला मुळं आपोआप दिसतात आणि ओढाओढीची गरज उरत नाही. मात्र अशा ग्लासाभोवती कागद गुंडाळा आणि बघताना तेवढा सोडवा, कारण मुळं उजेडाला पाठ फिरवतात.

मुळं दिसल्यावर झाकण एकदम काढायचं नाही. आठवडाभरात रोज थोडं थोडं जास्त उघडं ठेवत न्या. मग मोठ्या पिशवीत, आता खत घातलेल्या मातीत, हलवा.

६. ब्रुगमान्सियाचं बेचकं

या झाडासाठी स्वतंत्र पायरी द्यावी लागते, कारण त्याचा हिशोब वेगळा आहे. बियांचं किंवा खालच्या काडीचं ब्रुगमान्सिया आधी एकच सरळ दांडा वर नेतं. माणसाच्या कमरेएवढं, छातीएवढं झालं की त्या दांड्याला पहिलं बेचकं फुटतं. फुलं येतात ती त्या बेचक्यात आणि त्याच्या वर, पुढच्या प्रत्येक बेचक्याशी. बेचक्याखालून निघालेले फुटवे फूल देत नाहीत. त्यांना आधी आपलं स्वतःचं बेचकं बनवावं लागतं.

पान जवळून पाहिलंत तर तेही वेगळं असतं. बेचक्याखालच्या पानाच्या दोन्ही बाजू देठाशी एकाच ठिकाणी जुळतात. बेचक्यावरच्या पानाची एक बाजू देठावर थोडी खाली उतरलेली असते, दुसरी वरच थांबते. हा तिरपेपणा दिसला की फांदी फुलणारी आहे.

मग काडी कुठून घ्यायची ते तुम्हीच ठरवा. बेचक्याच्या वरून घेतली तर रोप बुटकं, पसरट होतं आणि लवकर फुलतं. कुंडीसाठी हीच घ्या. बेचक्याच्या खालून घेतली तर रोप आधी उंच जातं, फूल उशिरा, पण पुढे छत्रीसारखं झाड होऊन फुलं डोक्यावर लोंबतात. वाटेच्या कडेला असं झाड काय दिसतं! कलम मिळालं आणि वर्ष उलटूनही फुललं नाही, तर दोष खताला देण्याआधी देणाऱ्याने काडी कुठून कापली होती ते विचारा.

ब्रुगमान्सियाची काडी नुसत्या पाण्यातही मुळं धरते. अंगठ्याएवढी जाड, २०–२५ सेंमीची, तळाचे दोन-तीन डोळे पाण्यात, पाणी एक दिवसाआड बदललेलं. आधी सालीवर पांढरे पुरळ उठतात, मग तिथूनच मुळं निघतात. ती बोटाच्या पेराएवढी झाली की लगेच मातीत लावा. पाण्यातली मुळं फार लांब वाढू दिली तर ठिसूळ होतात आणि मातीत हलवताना तुटतात.

उष्ण सखल भागात जात निवडताना सुवासिक, पांढरी किंवा फिकट गुलाबी फुलं येणारी ब्रुगमान्सिया सुआवेओलेन्स किंवा तिचे संकर घ्या. ही जात ब्राझीलच्या किनारी जंगलातली, उकाडा सोसते. लाल-पिवळ्या नळीसारख्या फुलांची सांग्विनीआ अँडीज पर्वतातल्या थंड उंचीवरची आहे. फोटोत कितीही मोह पडला तरी गरम रात्रींत ती झुरते.

७. बी, दाब आणि गुटी

टेकोमाचं बी सोपं आहे. लांब, चवळीसारख्या शेंगा तपकिरी झाल्या पण फुटल्या नाहीत, तेव्हा तोडा. आत कागदासारखे पंख असलेलं चपटं बी असतं. वाफ्यात किंवा ट्रेमध्ये आडवं ठेवून वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती भुरभुरा. एक ते तीन आठवड्यांत उगवतं, भिजवणं वगैरे काही लागत नाही. दाट पेरू नका. दाट आणि ओल्या ट्रेमध्ये रोपं बुंध्याशी बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात आणि मग कुठलंच औषध लागू पडत नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतील.

बियांचं रोप आईसारखंच होईल याची मात्र खात्री नाही. नारिंगी किंवा बुटक्या संकरित टेकोमाचं बी पेरलंत तर साधा उंच पिवळा निघण्याची तयारी ठेवा. आवडलेलं झाड जसंच्या तसं हवं असेल तर काडीच लावा. अलमंडाला बागेत फळ क्वचितच धरतं, त्यामुळे तिथे बियांचा विषयच येत नाही.

टेकोमाबाबत एक जबाबदारीही आहे. पंखाचं बी वाऱ्यावर दूर जातं. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बऱ्याच बेटांवर हे झाड आता रान माजवणारं तण झालं आहे. जवळ माळरान किंवा ओढा असेल तर शेंगा हिरव्या असतानाच कापून टाका. त्याने फुलंही वाढतात, तो फायदा पुढे येतोच.

काडी दगावण्याचा धोकाच नको असेल तर दाब कलम करा. संक्रांतवेल आणि अलमंडाची लांब फांदी जमिनीपर्यंत वाकवा, मातीला टेकते तिथे एका डोळ्याखाली सालीला छोटी तिरकी खाच द्या, त्यावर चार बोटं माती आणि वर दगड. शेंडा बाहेर राहू द्या. आईचं पाणी मिळत राहतं, म्हणून निगा अशी काही लागत नाही. दीड-दोन महिन्यांनी माती उकरून मुळं दिसली की आईकडच्या बाजूने तोडा, पण लगेच उपटू नका. आठवडा-दोन आठवडे तिथेच स्वतःच्या पायावर उभं राहू द्या.

फांदी वाकत नसेल तर गुटी. टेकोमाच्या बोटाएवढ्या जाड फांदीवर दोन-अडीच सेंटीमीटरची साल गोल काढा. आतला निसरडा थर सुरीच्या पाठीने खरवडून टाका; तो राहिला तर झाड जखम सांधून घेतं आणि मुळं येतच नाहीत. भिजवून घट्ट पिळलेला मॉस मूठभर बांधा, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने करकचून. पावसाचं पाणी वरच्या गाठीतून आत शिरलं तर सगळं कुजतं, म्हणून वरची गाठ जास्त घट्ट. प्लास्टिकमधून तपकिरी होऊ लागलेली मुळं दिसली की गुटीच्या खालून कापा.

८. जागा आणि लागवड

किमान सहा तास ऊन. हा आकडा टेकोमा, अलमंडा आणि संक्रांतवेलीसाठी सौदा करण्यासारखा नाही. सावलीत ही तिन्ही झाडं पानांवर समाधान मानतात. ब्रुगमान्सियाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या. भर उन्हात तिची मोठी पानं दुपारी लुळी पडतात. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर पाण्याची कमतरता नव्हती, नुसता उकाडा होता. दुपारी लुळी पानं बघून पुन्हा पुन्हा पाणी ओतणं हा तिची मुळं कुजवण्याचा राजमार्ग आहे.

दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या आणि लावण्याआधी त्यात पाणी भरून बघा. काही तासांत जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर त्या जागी खड्ड्यात लावूच नका. मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. भरण्यासाठी खणून काढलेली माती, तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढं कुजलेलं शेणखत आणि चिकण माती असेल तर जाडी वाळू. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल ठेवा.

टेकोमाच्या दोन झाडांत दीड ते दोन मीटर. संक्रांतवेलीसाठी आधार आधी उभारा, वेल नंतर लावा, आणि आधार भक्कम करा. काही वर्षांत ती वजनाने बांबूची कमान खाली आणते. कौलांच्या जवळ तर ती नकोच. अलमंडाच्या फांद्या मऊ सुतळीने आठच्या आकड्यात बांधा, म्हणजे एक वेढा आधाराला, एक फांदीला, आणि साल घासली जात नाही.

कुंडीत लावायचं तर टेकोमाचे बुटके संकर, झुडपी अलमंडा किंवा बेचक्यावरच्या काडीचं ब्रुगमान्सिया. कुंडी १४ इंचांपेक्षा लहान नको. संक्रांतवेल कुंडीत जगते, पण तिचा जोम पाहता तो तिच्यावर अन्यायच.

९. छाटणी: कोणाची, कधी

टेकोमा आणि अलमंडाला त्याच हंगामात फुटलेल्या नव्या फांदीच्या शेंड्याला फूल येतं. म्हणून त्यांना कापायला घाबरू नका. उन्हाळा सरताना, नवी फूट सुरू होण्याआधी, टेकोमा निम्म्यावर आणा. अलमंडाचा तिसरा हिस्सा कमी करा. बहराची एक फेरी संपली की वाळलेले घोस शेंगांसकट, दोन डोळे खाली धरून, कापा. शेंगा धरू दिल्या तर झाडाची ताकद बियांत जाते आणि पुढची फेरी लांबते.

संक्रांतवेलीचं उलट. ती थंड दिवसांत फुलते आणि ते फूल आधीच्या महिन्यांत वाढून निबर झालेल्या फांद्यांवर येतं. पावसाळा संपताना "फार पसरली" म्हणून छाटली, की त्या वर्षीचा बहर तुम्ही कापून टाकला. तिची छाटणी वर्षातून एकदाच, बहर ओसरल्याबरोबर, आणि तेव्हा मात्र निर्दयपणे करा.

ब्रुगमान्सिया बेचक्याच्या वरच कापा, प्रत्येक फांदीवर निदान काही पेरं ठेवून. बेचक्याच्या खाली कापलंत तर झाड मरत नाही, पण पुन्हा दांडा, पुन्हा बेचकं, मगच फूल.

अलमंडा किंवा ब्रुगमान्सियावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री पुसा. रोगही पसरत नाहीत आणि विषारी रस हाताला लागत नाही.

१०. खत-पाणी आणि पानांवरच्या खुणा

झाड हिरवंगार आणि फूल नाही, याचं कारण ऊन पुरेसं असेल तर बहुधा नत्र. हिरवळीला युरिया देताना शेजारच्या टेकोमालाही पोचतो, आणि मग तो पानांतच रमतो. नत्र कमी, पालाश जास्त असं खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, थोडंच. टेकोमाला त्याचीही फारशी गरज नसते. ब्रुगमान्सिया मात्र खादाड आहे. तिला दर दहा-पंधरा दिवसांनी पातळ खत द्या, नाहीतर कळ्या लहान असतानाच गळतात.

पानं पिवळी पडली तर आधी कोणती ते बघा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता, अलमंडात नेहमीची. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण माती किंवा पाणी चुनखडीचं असल्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. भिंतीलगत, जिथे सिमेंटचा चुना मातीत उतरतो, तिथे हे हमखास होतं. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) द्या आणि कुजलेलं खत वाढवा. खालची जुनी पानं शिरांमधून पिवळी होत असतील तर मॅग्नेशियम कमी आहे. खालची पानं सरसकट पिवळी होऊन गळतात आणि माती ओली आहे, तर पाणी कमी करा, खताचं नाव काढू नका.

११. कीड

ब्रुगमान्सियावर कोरड्या, गरम हवेत लाल कोळी येतोच. पान वरून ठिपक्याठिपक्यांनी फिकट पडतं. पानाखाली पांढरा कागद धरून झटका. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले की कोळी आहे. पानाच्या खालच्या बाजूला जोराने पाण्याचा फवारा, एक-दोन दिवसांआड, हा पहिला उपाय. नंतर निंबोळी तेल, एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर, साबणाच्या थेंबांसह, आणि संध्याकाळीच. उन्हात मारलं तर पानं भाजतात. पांढरी माशी आणि पिठ्या ढेकणालाही हेच, फक्त ढेकूण आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढा.

टेकोमावर मावा नव्या शेंड्यावर बसतो आणि मुंग्या त्याची राखण करतात. मुंग्यांची रांग खोडावर दिसली की वर मावा शोधा. शेंडा कापून टाकणं फवारणीपेक्षा लवकर होतं.

१२. रोप दुसऱ्याला देताना

काड्या लावल्या की रोपं जास्त होतातच आणि ती वाटली जातात. देताना पट्टीवर तीन गोष्टी लिहा: झाडाचं पूर्ण नाव, काडी लावल्याचा महिना, आणि ब्रुगमान्सिया असेल तर "बेचक्यावरची" की "बेचक्याखालची". अलमंडा आणि ब्रुगमान्सियाच्या पट्टीवर "विषारी" हा शब्द मोठ्या अक्षरात. घेणाऱ्याला तोंडीही सांगा, पट्ट्या पावसात पुसल्या जातात.